पिन गेली नाही, भुसा बसलाय

"दादा, चार्जिंगची पिन गेली. नवीच टाकून द्या." लातूरला क्लासला असलेल्या लेकराचा टॅब दुरुस्तीला आलेला, सोबत वडील. केबल अर्धवटच बसायची, जरा धक्का लागला की बाहेर. टॉर्च मारली तर तळाशी खिशातल्या कापडाचा भुसा, दाबून दाबून नमद्यासारखा झालेला.

केबल 'टक्' करून पूर्ण बसत नसेल तर आधी कचरा बघावा. टॅब बंद करायचा, लाकडी टूथपिक चपटी तासायची आणि कडेकडेनं भुसा बाहेर ओढायचा. सुई, सेफ्टी पिन अजिबात नको. टाइप-सी, म्हणजे उलटसुलट कशीही बसणारी केबल, तिच्या टॅबमधल्या खाचेतल्या पातळ जिभेवर दोन्ही बाजूंनी 12-12 संपर्क असतात. ती जीभ मोडली की मग खरंच पोर्ट, म्हणजे ही पिनच, बदलावा लागतो. तोंडानं फुंकर पण नको, ओलावा आत जातो.

केबल घट्ट बसूनही चार्ज होत नाही? दोन्हीकडं टाइप-सी असलेली केबल बाजूला ठेवा, चार्जरकडच्या टोकाला जुनी चपटी यूएसबी असलेली लावून बघा. काही स्वस्त ई-रीडरांत (पुस्तकं वाचायच्या उपकरणांत) 5.1 किलोओहमचे दोन रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारे बारके भाग, टाकलेलेच नसतात. ते चार्जरला दिसले नाहीत की टाइप-सी चार्जर वीजच सोडत नाही. पोर्ट ठणठणीत, कंजूषी बनवणाऱ्याची!

दुसऱ्या केबलनंही हलवलं की चार्जिंग येतं-जातं, तेव्हा मात्र पोर्टचं सोल्डर (आतला डाग) सुटलेलं समजा. ते काम दुकानातच.

परीक्षा जवळ आली की नवा टॅब घ्यायला निघतात लोक. आधी टॉर्च मारून किती जण बघतात?