पागाची कड

वाशीहून मानखुर्दकडे निघालेली लोकल खाडीपुलावर आली, की दारात उभ्या असलेल्यांना कधीकधी खाली पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, पडताना दिसतो. होडीतला माणूस कमरेत वळतो, जाळं हातातून सुटतं, हवेत भाकरीसारखं गोल पसरतं आणि पाण्यावर शेकडो बारीक थेंब उडवून नाहीसं होतं. बघणाऱ्याच्या दृष्टीने काम तिथेच झालं. पाग टाकणाऱ्याच्या दृष्टीने ते आत्ता सुरू झालेलं असतं. त्याचं लक्ष पाण्यावर नसतं, डाव्या हातातल्या दोरावर असतं. जाळ्याच्या कडेला लावलेलं शिसं तळाला टेकलं की दोर ढिला पडतो. गोल पडण्यापासून दोर ढिला होण्यापर्यंतचे दोन-तीन क्षण, तेवढीच बोय माशाला निसटायची संधी. ती संधी जितकी तोकडी, तितका पाग चांगला.

नवखा माणूस पाग घेताना सूत बघतो, ताणून बघतो, गाठी मोजतो. ते बघावंच, पण शेवटी. पाग ओळखायचा तो कडेवरून. शेंड्याला धरून छताच्या आकड्याला टांगावा, दोनदा झटकावा आणि खाली बसून शिशाची ओळ बघावी. सगळ्या गोळ्या एका पातळीत लोंबल्या पाहिजेत. एका बाजूला चार बोटं खाली उतरल्या असतील, तर पाण्यात तीच बाजू आधी तळाला जाणार आणि समोरची वर राहणार. माशाला तेवढं दार पुरतं. टांगलेल्या पागात विणकामही दिसतं. हाताने विणलेल्या पागात ठरावीक ओळींनंतर आस, म्हणजे जाळ्याची भोकं, वाढवत नेलेले असतात, त्यामुळे तो घागऱ्यासारखा सारखा रुंदावत येतो. स्वस्तातला पाग तिकोनी पट्ट्या जोडून शिवलेला असतो. शिवणीच्या जागा ताठ राहतात आणि गोल न उघडता तो सहा कोनांचा उघडतो. फार बिघडत नाही, पण किंमत तशी द्यावी.

आता वजन. सहा फूट त्रिज्येचा पाग घेतला तर त्याचा घेर अडतीस फुटांच्या जरा आत येतो. दर दोन इंचाला एक गोळी धरली तर सव्वादोनशे गोळ्या. एकेक बारा ग्रॅमची असेल तर शिसंच झालं 2 किलो 700 ग्रॅम. खाडीसाठी हे बेताचं वजन आहे. दुकानात कोणी सहा फुटी पाग दीड किलोत दाखवला, तर तो तळ्याचा पाग समजावा. वाहत्या पाण्यात तो खाली जाण्याऐवजी आडवा जातो. मोठा पाग घ्यायचा मोह सगळ्यांनाच होतो आणि हिशेबही मोहात पाडणारा आहे. सहाचे आठ फूट केले की झाकलेली जागा 113 चौरस फुटांवरून 201 वर जाते, जवळजवळ दुप्पट. फक्त कडेचं वजन त्याच प्रमाणात ठेवायला 3 किलो 600 ग्रॅम शिसं लागतं, वर भिजलेलं जाळं आणि खाडीचा चिखल. विसाव्या फेकीला खांदा बोलू लागतो. दमलेल्या हाताने टाकलेला आठ फुटी पाग ताज्या हाताने टाकलेल्या सहा फुटीपेक्षा कमी जागा झाकतो, हे तळहाताला कळतं पण मनाला पटायला एक पावसाळा जातो.

बुडण्याचा वेग नुसत्या शिशावर नाही, आसावरही आहे. बारीक आसातून पाणी वर जायला वेळ लागतो आणि पाग उघड्या छत्रीसारखा अडून राहतो. कोळंबीला साधारण 20 मिलिमीटर आस लागतो, बोयीला 40 ते 50. इथे मापाचा घोळ ठरलेला. कोणी एका गाठीपासून लगतच्या गाठीपर्यंत मोजतं, कोणी आस ताणून समोरासमोरच्या गाठी मोजतं आणि दुसरं माप पहिल्याच्या बरोबर दुप्पट येतं. म्हणून आकडा ऐकायचा नाही, आपली बोटं आसात घालून बघायची. ‘सगळंच मिळेल’ म्हणून बारीक आस घेणाऱ्याला मिळतात ती बोटभर पिल्लं, आणि पुढच्या वर्षी तीही नाहीत. उलट आस फार मोठा झाला की मासा कल्ल्यात अडकतो. एकेक सोडवताना भरती निघून जाते.

सूत दोन तऱ्हेचं. एकेरी नायलॉनचं तंतुसूत पाण्यात दिसत नाही, पटकन बुडतं, पण नवं असताना तारेसारखं ताठ. पिळाचं सूत मऊ, हातातून लोण्यासारखं सुटतं, पण पाणी आणि गाळ धरून ठेवतं. ताठ पाग कपडे मऊ करायच्या द्रावणाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवला की शहाणा होतो. कोरडा पाग तर टाकूच नये. आधी भिजवावा, ओलं सूत एकमेकांवरून घसरतं, कोरडं एकमेकांत शिरतं.

परीक्षा जमिनीवर. गवताच्या मैदानात, सिमेंटवर नाही. सिमेंटवर तीन फेकींत नायलॉनला फेस येतो. दोर मनगटात, उरलेला डाव्या मुठीत वेटोळून. जाळ्याचा एक तृतीयांश भाग डाव्या कोपरावर, तेवढाच उजव्या हातात, बाकीचा समोर लोंबता. अंगाला झोका द्यायचा तो कमरेतून, आणि सोडायचं आधी उजव्या हातातून. कोपरावरचं आपोआप मागून ओढलं जातं. घड्याळ, गंडा, बटणांचा सदरा आधी उतरवावा. एक बटण आसात अडकलं की पागामागोमाग माणूस पाण्यात जातो. पुष्कळ जण शिशाची एक गोळी दातात धरून टाकतात. फेक सोपी होते खरी. पण ते शिसं आहे, आणि त्यावरचं पाणी ठाण्याच्या खाडीचं आहे.

पडलेला पाग हलवायचा नाही. कडेने फक्कीची रेघ मारावी, मग पाग उचलून रेघ मापावी. लांबी बारा आणि रुंदीही बारा फूट आली तर पूर्ण गोल. लांबी बारा पण रुंदी नऊच आली, तर डोळ्याला गोलच वाटतो, मात्र झाकलेली जागा पाऊणपट झालेली असते. केळ्यासारखा वाकडा पडला तर उजवा हात लवकर सुटला. मध्येच गोळा राहिला तर कोपरावर जास्त घेतलं होतं. आणि एकाच कोपऱ्यात पुन्हापुन्हा घडी पडत असेल तर दोष हाताचा नाही. तिथे एखादी गोळी आसातून आरपार गेलेली असते. एका फेकीवरून काही ठरवू नये. दहा टाकाव्यात आणि त्यातल्या वाईट तिनांकडे बघावं.

छऱ्यांच्या बंदुकीची परीक्षा अशीच घेतात. चाळीस यार्डांवर मोठा कागद लावायचा, एक बार काढायचा, जिथे छर्रे दाट पडले तिथे तीस इंच व्यासाचं वर्तुळ आखायचं आणि आतली भोकं मोजायची. भरलेल्या छऱ्यांपैकी सत्तर टक्के आत आले तर नळीचं तोंड चांगलं आवळलेलं आहे. मोजण्यापेक्षा महत्त्वाचं असतं ते मधे कुठे रिकामी जागा राहते का हे बघणं; पक्षी तिथूनच निसटतो. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव कायद्यानंतर ती भोकं मोजायचं कारण उरलं नाही, ते बरंच झालं. अमेरिकेत बदकांच्या शिकारीला शिशाचे छर्रे 1991पासून देशभर बंद आहेत. पाणथळीत पडलेले छर्रे पक्षी खडे समजून गिळतात. मेक्सिकोच्या युकातानमध्ये आणि स्पेनमध्ये फ्लेमिंगो असे शिशाने मेलेले आहेत. ऐरोलीच्या चिखलात चोच उलटी घालून तेच पाखरू चरत असतं. म्हणून गोळी कडेला पक्की बसवावी, ढिली दिसली की घरीच काढावी. खाडीत पडलेली गोळी कोणाच्या तरी पोटात जाण्याची शक्यता तिथे खरी आहे.

‘मग लोखंड लावा’ म्हटलं की लोखंड हलकं म्हणून नाकं मुरडली जातात. छऱ्याच्या बाबतीत ते खरं आहे, कारण त्याला हवा कापत जायचं असतं. त्याच मापाचा पोलादी छर्रा लवकर थकतो. पागाचा हिशेब वेगळा. खारं पाणी किलोभर शिशाचं वजन नव्वद ग्रॅमने कमी करतं, किलोभर लोखंडाचं एकशे तीसने. फरक चाळीस ग्रॅमचा. पाग अडतो तो सुतामुळे, गोळीमुळे नाही. लोखंडाची खरी अडचण म्हणजे गंज आणि जाडी: तेवढ्याच वजनाला जवळजवळ दीडपट जागा. बारीक साखळी कडेला शिवली तर जागेचा प्रश्न सुटतो, गंजाचा नाही. दोन वर्षांनी साखळी बदलावी लागते. शिसं घरी ओतायचा उद्योग मात्र करू नये. 327 अंशांना ते वितळतं, गॅसवर सहज होतं, आणि साचा जरा ओलसर असला तर उसळून तोंडावर येतं.

पाण्यातलं गणित तिथीवर. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. खाडीच्या आत ठाण्यापर्यंत पाणी पोचायला आणखी वेळ धरावा. बोय भरतीबरोबर तिवरांत चरायला शिरते आणि ओहोटीला ओहळाच्या तोंडातून परतते. पाग तिथे, त्या वेळी. उधाणाच्या दिवशी नाही, तेव्हा ओढ फार असते. पाणी पागाच्या त्रिज्येपेक्षा खोल नसावं. खोल पाण्यात कड खाली जाता जाता आत मिटत येते आणि वर बारा फूट झाकलेला पाग तळाला परातीएवढा उरतो.

दोर ढिला पडला की आधी एक आखूड हिसका, म्हणजे शिसं जवळ येतं, मग सावकाश ओढ. घाईने ओढलं तर कड तळापासून उचलली जाते आणि मासे खालून निघून जातात. कड आत दुमडून फूटफूट अंतरावर बांधलेले खिसे असतात, ते याच वेळी कामाला येतात. बांधणी आखूड झाली तर खिसा कडेलाच वर उचलतो. तिवराच्या झाडाखाली पाग टाकू नये. त्याची श्वासमुळं पेन्सिलींसारखी चिखलातून वर आलेली असतात आणि प्रत्येक पेन्सिल एका आसात बसते. अडकला तर ओढायचं नाही, दोर सैल करून पलीकडच्या बाजूने जायचं. पुलाच्या खांबांजवळ कालवं आहेत. ती सूत ब्लेडसारखी कापतात. बाकी जे वर येतं, निर्माल्याची पिशवी, एका पायाची चप्पल, सोललेला नारळ, त्यावर पागाची कोणतीही परीक्षा चालत नाही.

घरी आल्यावर गोड्या पाण्यात दोनदा बुचकळून पाग सावलीत टांगावा. उन्हात नायलॉन ठिसूळ होतं. सारसोळे, दिवाळे या कोळ्यांच्या गावांत त्याला अंगणाची दोरी आहे. सातव्या मजल्यावर गॅलरी आहे आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वासाची चौकशी आहे. पाण्याच्या शेवटच्या बादलीत मूठभर खाण्याचा सोडा टाकला तर चौकशी एक दिवस पुढे जाते. सुकल्यावर कडेवरून बोट फिरवत गोळ्या मोजाव्यात. सव्वादोनशे होत्या, दोनशे बावीस भरल्या तर तीन कुठे गेल्या ते ठाऊक असतंच. त्या जागांवर सुतळीची गाठ मारून ठेवावी, म्हणजे पुढच्या खेपेला दुकानात बोट लगेच तिथे जातं.