तुम्ही विचारलंत म्हणून: त्या दलदलीत काय ठेवलंय?

"त्या चिखलात काय बघायला जाता हो?" मंडळाच्या गणपतीत हा प्रश्न येतोच, भारतातून कुणी आलं की गाडीतही येतो, कारण इथे लुईझियानात बॅटन रूजहून लाफायेटला जाताना आय-१० हायवेचा तो १८ मैलांचा पूल अ‍ॅचाफलायाच्या दलदलीवरून जातो आणि खाली पाण्यात उभी झाडं दिसत राहतात. एकदाच लिहून टाकते.

अ‍ॅलिगेटर आहेत, हो. बोटीकडे ढुंकूनही बघत नाहीत. मी जाते सायप्रससाठी. सूचिपर्णी असून नोव्हेंबरात विटकरी होऊन पानं गाळणारं झाड, बुंधा खाली फुगलेला, भोवती पाण्यातून वर आलेले त्याच्या मुळांचे गुडघे. फांद्यांवरून लोंबतं ते स्पॅनिश मॉस अननसाच्या कुळातलं आहे, झाडाचा रस पीत नाही, तेव्हा बांडगूळ म्हणणं प्लीज बंद करा.

बाबांना हेंडरसन गावाहून बोटीतून नेलं होतं. कृष्णाकाठचा माणूस, सांगलीकडच्या मगरी बघितलेला, अ‍ॅलिगेटर दाखवला तर म्हणाले "बारकी हाय". मग बराच वेळ गप्प, मला वाटलं भारावले, तर म्हणाले, "ह्यात रोप कुठंय गं?" म्हणजे? "सगळी म्हातारी, नायतर खुंट. एक बारकं झाड दाखव." मी इकडेतिकडे बघतेय आणि खरंच एक नाही. बोटवाल्याला विचारलं तर त्याने इंजिनच बंद केलं. म्हणाला, शंभर वर्षांपूर्वी सगळं तोडून नेलं, पोकळ होती ती तेवढी ठेवली. सायप्रसचं बी पाण्याखाली रुजत नाही, जमीन उघडी पडावी लागते आणि रोपाचं डोकं पाण्यावर राहावं लागतं. १९२७ च्या पुरानंतर बांध घातले, आता मिसिसिपी आणि रेड नदीचं मिळून ३० टक्के पाणी इकडून सोडतात, जिथं ते उभंच राहतं तिथं नवीन काही येत नाही. मी सगळं मराठीत सांगितलं. बाबा म्हणाले, "आपल्या वाडीगत झालंय म्हण की."

ते मला उद्देशून नव्हतं, असं मी अजून धरून आहे.

त्याआधी मी सगळ्यांना "आदिम जंगल" म्हणून सांगायचे. आता जीभ अडखळते. पण म्हातारं म्हणजे संपलेलं असं कुठंय, त्याच पोकळ बुंध्यांत एप्रिलमध्ये पिवळाधमक प्रोथोनोटरी वॉर्बलर घरटं करतो, गुलाबी चमचे पक्षी उथळ पाण्यात चोच फिरवत असतात, संध्याकाळी बार्ड घुबडं एकमेकांना ओरडतात. आणि लगेच वाटतं, हे मी बाबांना पटवतेय की स्वतःला?

असो. मी जाणारच आहे. यायचं तर एप्रिलमध्ये या, फुल बाह्यांचा शर्ट घाला, डास खरंच वाईट आहेत.