सहा नंबरची कुंडी

मे महिन्यातलं प्रकरण आहे पण डोक्यातून काही जात नाहीये, म्हणून लिहून टाकतो.

मी नर्सरीत काम करतो. आमच्याकडे वाघचौऱ्याच्या अकरा कुंड्या होत्या, रस्ता रुंद करताना उखडले गेलेले कंद, परवानगी घेऊन आणलेले. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही जमिनीत वाढणारी आमरी, म्हणजे ऑर्किड. भर पावसाळ्यात कमरेएवढा दांडा, वर तीन-चार पांढरीशुभ्र मोठी फुलं, खालच्या पाकळीला दोन्ही बाजूंनी कंगव्यासारख्या झिरमिळ्या, मागे लांबलचक हिरवट नळी आणि अंधार पडला की वास. पण ही मजा थोडे दिवस. दिवाळीनंतर दांडा वाळतो, जुना कंद पोकळ होऊन जातो, शेजारी नवा तयार झालेला असतो आणि पुढच्या वर्षाचं सगळं त्यातच. तेव्हापासून पाऊस येईपर्यंत पाणी जवळजवळ बंद. बघणाऱ्याला वाटतं नुसती मातीची कुंडी ठेवलीय.

फेब्रुवारीत मी तीन आठवडे गावाला होतो. मेमध्ये माती बदलायला पहिली कुंडी उपडी केली, कंद हातात घेतला तर अंगठा सरळ आत. साल शाबूत, आत तपकिरी पाणी, कुजक्या बटाट्याचा वास. एकामागून एक सात कुंड्या तशाच निघाल्या.

मी नव्या माळीमामांवर ओरडलो, सगळ्यांसमोर. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्हीच म्हणाला होता ना, एकही कुंडी सुकली नाही पाहिजे म्हणून." म्हणालो होतो. आणि टॅगवर काय होतं, तर बोटॅनिकल नाव आणि नंबर. "पाणी नको" एवढे दोन शब्द लिहायला मला काय झालं होतं!

अर्थात सगळं खापर मी माझ्याच डोक्यावर घेणार नाही. आठ कुंड्यांत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा होता, मालकांचा हट्ट, का तर टेम्पोत वजन कमी भरतं. कोकोपीट पाणी धरून बसतं, झोपलेल्या कंदाला ते विषच. बाकी तीन मी माझ्या पद्धतीने भरल्या होत्या, जांभ्याची बारीक खडी, जाड वाळू, पालापाचोळ्याचं खत आणि मूठभर मूळ जागेची माती, कारण या झाडाला जगायला ज्या बुरशीची साथ लागते ती त्या मातीतच असते. पाइप त्यांच्यावरही रोज फिरला, पण पाणी थांबलंच नाही. तिन्ही कंद टणक, टोकाला पांढरा कोंब.

आता अडलंय ते सहा नंबरपाशी. कोकोपीट तेच, प्लास्टिकची कुंडी तीच, जागाही रांगेच्या मधोमध, तरी कंद खारकेसारखा सुरकुतलेला पण जिवंत. मामांना विचारलं तर म्हणाले, "तिला मी पाणी घालत नव्हतो." का, तर म्हणे ती कुंडी बघून वाटायचं नको घालायला. मी परत विचारलं नाही. आता जून लागलाय, सहा नंबरने मातीच्या वर बोटाच्या पेराएवढं डोकं काढलंय आणि पाणी मामाच घालतात, मी सांगत नाही किती.