चुकीचा महिना

“आता इथे बघण्यासारखे काही नाही, तुम्ही चुकीच्या महिन्यात आलात,” असे आज सकाळी डोंगरमाथ्यावर भेटलेल्या एका गृहस्थांनी मला ऐकवले आणि ते पुन्हा फोनमध्ये गुंतले.

त्यांच्या पाठीमागे मात्र, रात्रभर उतारांवरून खाली सरकलेली थंड, जड हवा दरीत साचून तिच्यात दाटलेल्या धुक्यातून फक्त शिखरे बेटांसारखी वर आली होती. ऊन चढले आणि तासाभरात सारे विरले. असे दृश्य निरभ्र, वारा पडलेल्या हिवाळी रात्रीनंतरच बहुधा दिसते.

उन्हाळ्यात लोक येतात ते दर १००० मीटर चढल्यावर साधारण ६ अंशांनी उतरणाऱ्या पाऱ्यासाठी. पावसाळ्यात धबधब्यांसाठी (तेव्हा निसरड्या कड्यांपासून लांबच राहिलेले बरे). मग यातला चुकीचा महिना नेमका कोणता?