माणूस कॅमेऱ्यात बघतोय, मग फोटो खोटा का?

फोटोतला माणूस थेट लेन्समध्ये बघत असेल तर त्याला डॉक्युमेंटरी, म्हणजे खरं घडतंय ते टिपणारा फोटो, म्हणायचं का, असं तुम्ही विचारलंत. खुशाल म्हणा. नजर कुठे आहे त्यावरून काही ठरत नाही; ती तिथे कशी गेली ते बघावं लागतं.

'इकडे बघू नका, तुमचं काम चालू द्या' असं सर्रास सांगितलं जातं. ही सूचनाच झाली. मग माणूस न बघण्याचा अभिनय करतो: मान ताठ, हात एकाच हालचालीत अडकलेले, नजर उगाच जमिनीवर. बघू द्या की! कॅमेरा उघड गळ्यात ठेवा, कशासाठी फोटो काढताय ते सांगा आणि दहा-पंधरा मिनिटं तिथेच थांबा. काम हातात आलं की नजर आपसूक तिकडे वळते. त्याआधीचे फोटो 'बिघडले' म्हणून पुसू नका. तो संकोचही तिथे घडलेलाच असतो.

नजर टाळण्यासाठी लपूनछपून फोटो काढणं जुनंच आहे. अमेरिकन छायाचित्रकार वॉकर इव्हान्सने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाआड कॅमेरा लपवून प्रवासी टिपले. चेहरे विलक्षण मोकळे आहेत, पण 'नको' म्हणायची संधी त्यांतल्या कुणालाच नव्हती. याच्या उलट टोकाला कंबोडियातला तुओल स्लेंग तुरुंग. ख्मेर रूज या क्रूर कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत तिथे नोंदीसाठी काढलेल्या फोटोंत कैदी सरळ लेन्समध्ये बघतात. त्या बघण्याला संमती कोण म्हणेल?

आता तांत्रिक बाजू. कॅमेरा छातीशी धरून स्क्रीनवर बघत असाल तर समोरचा तुमच्या डोळ्यांत बघतो, लेन्समध्ये नाही. बुबुळं वर सरकतात आणि खाली पांढरं दिसतं. ट्रायपॉडच्या बाजूला उभं राहून बोललात तर नजर तिरकी जाते. म्हणून डोकं लेन्सच्या अगदी जवळ हवं. ८५ एमएमची (चेहरा जवळ आणणारी) लेन्स एफ १.८ वर, म्हणजे तिचं छिद्र खूप उघडं ठेवून, एक मीटरवरून वापरली तर जेमतेम दीड सेंटीमीटर भाग स्पष्ट येतो: डोळे धारदार, कान धूसर, आणि भोवतालचं सगळं गायब. डॉक्युमेंटरीत भोवतालच तर हवं असतं. ३५ एमएमची (जास्त रुंद दृश्य घेणारी) लेन्स, एफ ४ इतकं लहान छिद्र, सव्वा मीटर अंतर बरं; अंतर वाढवून झूम करण्यापेक्षा पुढे जाऊन बोलणं कधीही चांगलं.

खरी गफलत निवडीत होते. बारा फ्रेममध्ये माणूस हसत बघतोय, तेराव्या फ्रेममध्ये पापणी मिटताना नजर खाली गेलीय. 'वेदना' दिसते म्हणून नेमकी तीच छापली जाते. आजूबाजूच्या फ्रेम शेजारी ठेवूनच निवड करा. आणि फोटोसाठी माणसाला थांबवलं असेल, खिडकीपाशी बसवलं असेल, तर फोटोखालच्या ओळीत तसं लिहा.