थंड झाली की सुरू होणारी गाडी : घाटातले तीन थांबे

तिसऱ्यांदा गाडी बंद पडली तेव्हा बॉनेटला हात लावण्याआधी मी घड्याळ पाहिलं. दहा वाजून पन्नास मिनिटं. आधीच्या दोन्ही वेळा ती वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप सुरू झाली होती. म्हणजे दोष शोधायला माझ्या हातात तेवढाच वेळ होता. इंजिन निवलं की बिघाड लपणार, गाडी शहाण्यासारखी सुरू होणार आणि पुढच्या चढावर पुन्हा दगा देणार, हे आता कळून चुकलं होतं.

गाडी ३४ वर्षांची. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, कार्बोरेटर आणि जुन्या पद्धतीचं पॉइंट-कंडेन्सरचं इग्निशन. त्यात कॉइल बारा व्होल्टपासून ठिणगीसाठी लागणारा मोठा विद्युतदाब तयार करते, पॉइंट हा तिचा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, कंडेन्सर त्या स्विचवर ठिणगी उडू देत नाही आणि डिस्ट्रिब्युटर तो दाब पाळीपाळीने प्लगांना वाटतो. प्रवास तीन दिवसांचा, जाऊन-येऊन ७४० किलोमीटर, वाटेत दोन मोठे घाट. सोबतीला धाकटा भाऊ. निघायच्या चार दिवस आधी गाडी एका गॅरेजमध्ये नेऊन प्लग, पॉइंट, कंडेन्सर, रोटर आणि कॉइल असं सगळं नवं बसवून घेतलं. खरं तर जुन्या कॉइलबद्दल काहीच तक्रार नव्हती. ‘लांब जाताय, तर बदलूनच टाकू’ असं मेकॅनिक म्हणाला आणि मलाही ते पटलं. काढलेले सुटे भाग मात्र मी मागून घेतले आणि फडक्यात गुंडाळून डिकीत टाकले. या प्रवासात हा एक निर्णय फार उपयोगी पडला.

पहिले १३० किलोमीटर गाडी छान पळाली. घाट सुरू झाला तसा तापमानाचा काटा मध्याच्या वर सरकला, गाडी ओढेनाशी झाली, मिसिंग (मधूनच ठोका चुकून झटके बसणं) सुरू झालं आणि एका वळणानंतर इंजिन बंद पडलं. सेल्फ मारला तर इंजिन फिरत होतं, पण पकडत नव्हतं. कार्बोरेटरची जुनी गाडी, गरम इंजिन आणि चढ एवढं जमून आलं की मनात पहिली शंका येते ती पेट्रोलच्या नळीत वाफ अडकल्याची. इंजिनवर बसवलेला पेट्रोल पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप पेट्रोलऐवजी वाफच ढकलत राहतो. त्यावरचा जुना उपायही सगळ्यांना ठाऊक असतो : पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवायचं. आम्ही ठेवलं. वीस मिनिटांनी गाडी सुरू झाली आणि निदान बरोबर होतं याची मला खात्री पटली.

चाळीस मिनिटांनी पुन्हा तेच. पुन्हा फडकं, पुन्हा वीस मिनिटं, पुन्हा सुरू. निघताना भाऊ म्हणाला, ‘‘दादा, ती फडक्यामुळे सुरू होतेय, की आपण थांबतो म्हणून?’’

नेमका प्रश्न होता. मी एकाच वेळी दोन गोष्टी करत होतो : पंप गार करत होतो आणि सगळं इंजिन निवेपर्यंत थांबतही होतो. श्रेय मात्र फडक्याला देत होतो. उष्णतेमुळे होणारा कोणताही बिघाड थांबल्यावर बरा होतो, मग तो पेट्रोलचा असो, कॉइलचा असो की कंडेन्सरचा. म्हणून तिसऱ्या वेळी ठरवलं, फडकं आत्ता नाही. गाडी बंद आहे, तोवर पुरावा गोळा करायचा.

चाकांमागे दगड लावले आणि आधी पेट्रोल पाहिलं. एअर क्लीनरचं झाकण काढून कार्बोरेटरच्या घशात टॉर्च मारला आणि अ‍ॅक्सिलरेटरचा दांडा हाताने ओढला. आत पेट्रोलची बारीक, जोरकस धार उडाली. याचा अर्थ कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल आहे. वाफ अडकल्यामुळे गाडी बंद पडली असती, तर ही वाटी कोरडी व्हायला हवी होती. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि पहिल्याच थांब्याला केली असती तर तासभर वाचला असता. एक सांभाळा : घसा उघडा असताना कुणालाही सेल्फ मारू देऊ नका. इंजिन उलट शिंकलं तर ज्वाळा थेट तोंडावर येते.

झाकण परत बसवलं, कुठे पेट्रोल सांडलेलं नाही ना ते पाहिलं आणि मग ठिणगीकडे वळलो. डिस्ट्रिब्युटर कॅपच्या मधली जाड वायर काढली, रबरी मुठीच्या पकडीत धरली आणि तिचं टोक इंजिनच्या उघड्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवलं. भावाने सेल्फ मारला. निरोगी ठिणगी निळी असते, टचटच आवाज करते. आमची नारिंगी, बारीक आणि मध्येच गायब होणारी होती.

मग टेस्ट लॅम्प. ही साधी बारा व्होल्टची दिव्याची सुई प्रत्येक जुन्या गाडीत असायलाच हवी. क्लिप गाडीच्या धातूला लावली, इग्निशन चालू केलं आणि सुई कॉइलच्या धन टर्मिनलला टेकवली. दिवा लागला, म्हणजे वीज पोचतेय. मग ऋण टर्मिनलला, म्हणजे जिथून वायर डिस्ट्रिब्युटरकडे जाते तिथे सुई टेकवून सेल्फ मारायला सांगितलं. दिवा लुकलुकला. पॉइंट उघडले की तो लागतो, मिटले की विझतो. तो सतत लागूनच राहिला, तर पॉइंट मिटत नाहीत किंवा डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी वायर तुटली आहे. अजिबात लागला नाही, तर पॉइंट उघडत नाहीत, वायर कुठेतरी गाडीच्या धातूला टेकून अर्थ होतेय किंवा कॉइलच आतून तुटलीय. आमचा लुकलुकत होता, म्हणजे पॉइंट आपलं काम करत होते.

उरले दोन संशयित : कंडेन्सर आणि कॉइल. डिकीतला जुना कंडेन्सर लावून पाहिला. ठिणगी तशीच. मग कॉइलवर हात ठेवला आणि लगेच मागे घेतला. चालत्या गाडीची कॉइल गरम असतेच, पण हिच्यावर क्षणभरही हात ठरेना. आता ओलं फडकं काढलं आणि फक्त कॉइलच्या अंगाला गुंडाळलं, वरची टर्मिनलं कोरडी ठेवून. पंप आणि नळी तशीच तापलेली. पाच मिनिटांनी ठिणगी निळी झाली. घड्याळात अकरा वाजून आठ मिनिटं.

फडक्यातून जुनी कॉइल काढून बसवली. दोन स्क्रू, दोन बारीक वायरी, एक जाड वायर. त्यानंतर घाट संपेपर्यंत गाडी एकदाही थांबली नाही.

नवी कोरी कॉइल एवढी का तापली, हे संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर कळलं. मल्टिमीटर दोन्हींच्या छोट्या टर्मिनलांना लावला. जुनीचा रोध ३.१ ओहम, नवीचा १.५. (मीटरच्या दोन्ही सुया एकमेकींना टेकवून आधी वायरींचा रोध पाहून घ्या आणि तो वजा करा. एवढ्या लहान आकड्यात त्याने फरक पडतो.) दीड ओहमची कॉइल ज्या गाड्यांत कॉइलचा प्रवाह आटोक्यात ठेवणारा वेगळा बॅलास्ट रोध बसवलेला असतो त्यांच्यासाठी असते. आमच्या गाडीत तो नाही, थेट बारा व्होल्ट कॉइलला जातात. रोध निम्मा झाला की प्रवाह दुप्पट होतो आणि उष्णताही दुप्पट. इंजिन चालू असताना व्होल्टेज १४ च्या आसपास असतं. त्या हिशेबाने जुन्या कॉइलमधून जास्तीत जास्त साडेचार अँपिअर जात, नवीतून नऊ. कॉइलच्या बुडाशी बारीक अक्षरात ‘बाह्य रोधासोबत वापरा’ असं छापलेलंही होतं. दिसायला दोन्ही कॉइली सारख्याच. त्यामुळे नवा भाग बसवताना आकार जुळला म्हणून समाधान मानू नका, त्यावरचा आकडा वाचा. शक्य असेल तर मोजा.

कॉइल बदलल्यावरही चढावर तापमानाचा काटा मध्याच्या वरच राहत होता, ते मला खटकत होतं. गाडी कधी तापते यावरून बराच अंदाज येतो. गर्दीत आणि संथ चालताना तापली, तर पंखा, पंख्याचा बेल्ट किंवा रेडिएटरच्या जाळीतला कचरा पाहा. मोकळ्या रस्त्यावर वेगात तापली, तर रेडिएटर आतून तुंबलाय, थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नाही किंवा खालचा होज पाइप वेगात आत ओढला जाऊन चपटा होतोय. आमच्याकडे कूलंट पूर्ण होतं, बेल्ट घट्ट होता, पाइप ठीक होते. तापत होती ती फक्त जोर लावताना आणि तेव्हाच गाडी ओढतही नव्हती. हे दोन्ही एकत्र आलं की इग्निशनचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे पडलंय का, ते बघावं. मिश्रण उशिरा पेटलं की त्याची उष्णता पिस्टनला ढकलण्यात कमी आणि सिलिंडर हेड, एक्झॉस्ट तापवण्यात जास्त जाते.

फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घातला तर पॉइंटमधलं अंतर ०.४० मिलिमीटरऐवजी जेमतेम ०.२५. नवे पॉइंट बसवताना डिस्ट्रिब्युटरच्या कॅमला, म्हणजे फिरता फिरता पॉइंट उघडणाऱ्या दांड्याला, ग्रीस लावलंच नव्हतं. कोरड्या कॅमवर पॉइंटची टाच भराभर झिजते, टाच झिजली की अंतर कमी होतं आणि अंतर कमी झालं की पॉइंट उशिरा उघडतात. शिवाय ते जास्त वेळ मिटलेले राहतात, त्यामुळे कॉइलमधून प्रवाहही जास्त वेळ वाहतो. चुकीची कॉइल, त्यात हे. दोन चुका एकमेकींना हातभार लावत होत्या.

ग्रीसचं बोट लावलं, अगदी तांदळाच्या दाण्याएवढं. जास्त झालं तर ते उडून पॉइंटवर जातं. अंतर ०.४० ला आणलं आणि मग टायमिंग. क्रम हाच ठेवा, कारण अंतर बदललं की टायमिंग बदलतं, उलट होत नाही. टायमिंगसाठीही टेस्ट लॅम्प पुरतो. इंजिन पुलीवरच्या पान्याने नेहमीच्या दिशेने फिरवून खुणेवर आणायचं, सुई कॉइलच्या ऋण टर्मिनलला लावायची, इग्निशन चालू करायचं आणि डिस्ट्रिब्युटर दिवा लागेल नेमक्या त्या जागी वळवून कसायचा. काम झालं की इग्निशन लगेच बंद. पॉइंट मिटलेले असताना चावी चालू राहिली तर कॉइल नुसतीच तापत बसते.

दुसऱ्या दिवशीचा घाट पहिल्यापेक्षा उंच होता. काटा मध्यावरून हलला नाही. तिसरा दिवस परतीचा, त्यात सांगण्यासारखं फक्त उतारच. जुन्या गाडीत ज्या गिअरवर चढलात त्याच गिअरवर उतरा, सतत ब्रेक दाबून ते तापवू नका. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि ओल शोषलेलं ऑइल बरंच आधी उकळतं. डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑइल ताजं असताना किमान २०५ अंशांपर्यंत टिकतं, ओल शिरल्यावर हीच मर्यादा १४० पर्यंत घसरते. माझं दोन महिन्यांपूर्वीच बदललेलं होतं, म्हणून मी निर्धास्त होतो. तुमचं कधी बदललंय ते आठवत नसेल, तर घाटाच्या आधी बदला.

अशा गाडीने निघणार असाल तर सगळी दुरुस्ती निदान दोन आठवडे आधी उरका आणि तेवढ्या दिवसांत दोनेकशे किलोमीटर चालवून बघा. त्यात एक चढ आणि एक तासाभराची सलग फेरी हवी. नवा भागही सदोष किंवा चुकीचा असू शकतो आणि ते अंगणात कळलेलं बरं. बदललेले पण चालू स्थितीतले भाग सोबत घ्या. माझ्या डिकीत आता टेस्ट लॅम्प, मल्टिमीटर, फिलर गेज, पक्कड, पुलीला बसणारा पाना, पॉइंट घासायची बारीक कानस, फॅन बेल्ट, पेट्रोलची हातभर नळी आणि क्लिपा, पाच लिटर पाणी आणि अग्निशामक असतं. पेट्रोलच्या नळीचं विशेष सांगतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं आणि जुन्या काळच्या रबराला ते मानवत नाही. नळी दाबून पाहा. चिरा दिसल्या किंवा रबर चिकट लागलं, तर इथेनॉल सोसणारी नळी घाला.

आणि एक वही ठेवा. गाडी कधी बंद पडली, किती वेळ चालल्यावर, काटा कुठे होता, किती वेळाने सुरू झाली, आपण मध्ये काय केलं. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तीही लिहा. आमचं काम त्या वहीतल्या तीन ओळींनी सोपं केलं. भाऊ पहिल्या थांब्यापासून त्या लिहीत होता.

परत आल्यावर दुसरी एक कॉइल आणली, सुटा भाग म्हणून सोबत ठेवायला. दुकानातच मल्टिमीटर लावला. आकडा ३.२ आला, तो तिच्या अंगावर मार्करने लिहिला आणि ती जुन्याच फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवली.