दाढ नव्हे, सायनस

चपलेचा बंद लावायला वाकले आणि डोळ्यांखाली आतून कुणी दाबल्यासारखं झालं. वरच्या दाढाही ठणकत होत्या. मी आपली दाढेलाच दोष देत बसले! गालाच्या हाडातली पोकळी, म्हणजे सायनस, त्या दाढांच्या मुळांना अगदी लागून असते, हे नंतर कळलं.

सर्दी पाचव्या दिवशी उतरली आणि सातव्या दिवशी दुपटीने उलटली. घट्ट पिवळा शेंबूड, वास गायब, वर ताप. अशी उलटलेली सर्दी किंवा १० दिवसांनंतरही न हटणारी, दोन्हींसाठी डॉक्टर गाठायचे. नुसत्या पिवळ्या रंगावरून अँटिबायोटिक मागायचं नाही. बहुतेकदा कारण विषाणूच असतो. पण डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, मान आखडणं असेल तर लगेच निघायचं.

मी मात्र दोन दिवस वाफ घेत काढले. हट्ट, दुसरं काय!